‘तुम्ही फिरा, मी खोलीवर बसते’: दुब्रोवनिक आणि सासूबाईंचे गुडघे

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात असं: येत्या मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान, 11 वर्षांचा मुलगा, 6 वर्षांची मुलगी आणि 69 वर्षांच्या सासूबाई असे पाच जण युरोपला निघाले आहेत. क्रोएशियातलं दुब्रोवनिक हे समुद्राकाठचं तटबंदीचं शहर पाहायचंच, असं त्यांनी कित्येक वर्षांपासून मनात धरलं आहे. यजमान म्हणतात, इटलीहून सुटणारी क्रूझ घेऊ, त्यात दुब्रोवनिकला एक दिवस मिळतो, तेवढा पुरे. यांना तटाच्या आत अपार्टमेंट घेऊन चार रात्री राहायचं आहे आणि एक घर बुकही करून ठेवलं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. त्यांचं म्हणणं एकच, ‘तुम्ही फिरा, मी खोलीवर बसते.’ पत्राच्या शेवटी लिहिलं आहे: ‘त्यांना घेऊन फिरावं तर कुणालाच धड काही बघता येणार नाही, आणि खोलीवर ठेवून फिरावं तर माझ्याच घशाखाली घास उतरणार नाही. काय करू?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. सासूबाईंच्या ‘मी खोलीवर बसते’ या वाक्याचा अर्थ तुम्ही ‘त्यांना जमणार नाही’ असा घेतलात. आपल्याकडची वडीलधारी माणसं हे वाक्य बहुतेक वेळा ‘माझी अडचण नको’ या अर्थाने म्हणतात. दोन्हींत फार फरक आहे. ‘येणार का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नको गं’ असंच येणार. त्याऐवजी दोन साध्या गोष्टी विचारा. कठडा धरून एका दमात किती पायऱ्या चढता येतात, आणि किती उतरता येतात? सपाट रस्त्यावर न बसता किती मिनिटं चालता येतं? उतरण्याचं वेगळं विचारा, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं. अंदाजाने सांगू नका म्हणावं. तुमच्याच सोसायटीच्या जिन्यावर एकदा मोजून बघा. कुठे राहायचं, कोणत्या दरवाजाने शहरात शिरायचं, क्रूझ बरी की मुक्काम बरा, हे सगळं या दोन-तीन आकड्यांवर ठरेल.

आणि अजून एक. अपराधीपणा सगळा तुमच्या एकटीच्या वाट्याला आलेला दिसतो. आई यजमानांची आहे. त्या चार दिवसांतली एक सकाळ आई आणि मुलगा यांची असू दे, तुम्ही त्यात नसलात तरी चालेल. पुढे तटाविषयी लिहिलं आहे तिथे हे कसं बसवायचं तेही सांगते.

आता शहराची ठेवण समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. दुब्रोवनिकचं जुनं शहर सपाट परातीसारखं नाही, पन्हळीसारखं आहे. मधोमध स्त्रादुन हा जवळपास 300 मीटर लांबीचा सपाट, रुंद, दगडी फरशीचा रस्ता. तिथे पूर्वी उथळ खाडी होती, ती बुजवून हा रस्ता झाला. त्याच्या दोन्ही अंगांना जमीन चढत जाते. उत्तरेकडच्या गल्ल्या तर गल्ल्या नव्हेतच, ते जिने आहेत, शंभर-शंभर पायऱ्यांचे, अरुंद आणि बहुतेक ठिकाणी कठड्याविना. म्हणजे एकाच शहरात सासूबाईंना सहज फिरता येईल असा पट्टा आहे, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर त्यांना अजिबात न झेपणारी चढण आहे. ‘दुब्रोवनिक म्हाताऱ्या माणसांसाठी नाही’ हे जे सर्रास ऐकू येतं, ते या जिन्यांमुळे. पण राजवाडा, चर्च, मठ, बाजार, बंदर असं पाहण्यासारखं बरंचसं त्या सपाट पट्ट्यातच आहे.

म्हणून तुम्ही बुक केलेल्या घराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते सोडा. तटाच्या आत गाडी जात नाही. सामान पश्चिमेच्या पिले किंवा पूर्वेच्या प्लोचे दरवाजापाशी उतरवून पुढे पायी न्यावं लागतं. स्त्रादुनला लागून असलेली घरं थोडी आणि महाग. परवडणारी बहुतेक जिन्यांच्या गल्ल्यांमध्ये, जुनी, लिफ्ट नसलेली. जाहिरातीत ‘तळमजला’ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त त्या तळमजल्याच्या दारापर्यंत साठ-सत्तर पायऱ्या असतात. तटाच्या आत राहण्याचं सुख आहेच, पहाटे आणि रात्री शहर आपल्या एकट्याचं वाटतं. पण सासूबाई दुपारी दमून परत आल्या की संध्याकाळी त्या पायऱ्या पुन्हा उतरायच्या म्हणून खोलीवरच बसतील. म्हणजे ज्याची तुम्हाला धास्ती आहे तेच होईल, आणि कारण त्यांचे गुडघे नसतील, घराची जागा असेल. कोणत्याही घरमालकाला पैसे देण्याआधी हे विचारा: गाडी जिथवर येते तिथपासून दारापर्यंत नेमक्या किती पायऱ्या? लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्ध्या जिन्यानंतर? अंघोळीला टब आहे की सपाट शॉवर? टबची उंच कड ओलांडणं गुडघ्यांना त्रासाचं असतं, आणि हे कुणी आधी विचारत नाही.

तुमच्यासाठी लापाद हा भाग उत्तम. जुन्या शहरापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर, समुद्राच्या एका लहान वळणाशी आहे. तिथे गाड्यांना बंदी असलेला झाडांचा रस्ता थेट किनाऱ्यापर्यंत जातो. बाकं आहेत, मुलांना खेळायला जागा आहे, बेकरी आणि किराणा पायाशी आहे. 6 नंबरची बस तिथून पिले दरवाजापर्यंत आणते. बसचं तिकीट कियॉस्कवर घ्या, चालकाकडे घेतलं तर महाग पडतं. लापादमध्येही डोंगरउतारावरची घरं असतात, तेव्हा पायऱ्यांचा प्रश्न तिथेही विचारायचाच. प्लोचे दरवाजाच्या बाहेरचा भाग जवळ आहे आणि तिथून जुन्या बंदराचं दृश्य फार देखणं दिसतं, पण परतीची वाट चढाची आहे. ग्रूझ हा बंदराचा भाग स्वस्त, मोठी भाजी मंडई तिथेच, बसस्थानकही तिथेच.

(चाकाच्या बॅगांवर बंदी आहे अशी बातमी 2023 मध्ये बरीच फिरली. तशी बंदी नाही. दगडी फरशीवर चाकांचा आवाज होतो, रहिवाशांची झोपमोड होते, म्हणून शहराने जुन्या भागात बॅगा ओढण्याऐवजी उचला असं आवाहन केलं होतं.)

यजमानांच्या क्रूझचं काय? त्यांचा मुद्दा मोडीत काढण्यासारखा नाही. जहाजावर लिफ्ट असते, सामान एकदाच उघडायचं, शाकाहारी जेवणाची आधी नोंद करता येते. सासूबाईंना वीस पायऱ्याही जड जात असतील तर क्रूझ हाच शहाणपणाचा मार्ग, हे मी मनापासून म्हणते. पण त्या एका दिवसाचं गणित मांडून बघा. मोठी जहाजं सकाळी लागतात आणि संध्याकाळी निघतात. त्यांचे प्रवासी साधारण सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळात जुन्या शहरात असतात. पिले दरवाजाच्या कमानीत तेव्हा पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. ही गर्दी एवढी वाढली होती की 2019 पासून शहराने एका वेळी दोनच जहाजं आणि साधारण 4,000 प्रवासी अशी मर्यादा घातली. त्यामुळे फरक पडला, पण मेमध्ये दोन जहाजं लागलेल्या दिवशी ऐन उन्हाच्या वेळी गर्दी असतेच. क्रूझने गेलात तर तुम्हाला शहराचे नेमके हेच सहा तास मिळतील, आणि ज्या वेळी दुब्रोवनिक खरं सुंदर असतं ती सकाळ आणि ती संध्याकाळ जहाजावर जाईल. शिवाय ग्रूझला धक्का नसेल तर काही जहाजं लोक्रुम बेटाजवळ नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटीने जुन्या बंदरात सोडतात. हलत्या बोटीत पाय टाकणं सासूबाईंना जमेल का, हे आधी विचारा.

क्रूझच्या बाबतीत व्हिसाचा एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलन युरो आहे, त्यामुळे इटली आणि क्रोएशिया एकाच व्हिसावर होतात. पण या मार्गावरच्या कित्येक जहाजांचा मुक्काम कोतोरला असतो. कोतोर मॉन्टेनेग्रोमध्ये, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत यायला अनेक-प्रवेशाचा व्हिसा हवा, एका प्रवेशाचा असेल तर गाडी तिथेच अडली. क्रोएशियातल्याच स्प्लित शहराहून रस्त्याने येणाऱ्यांचंही असंच होतं. वाटेत नेउमपाशी बोस्नियाचा किनारपट्टीचा लहानसा तुकडा लागतो. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला तेव्हापासून तो तुकडा टाळून येता येतं, पण आपली बस पुलावरून येते की नेउमवरून, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि दुब्रोवनिकला रेल्वे नाही, त्यामुळे युरोपचा रेल्वे पास काढला असेल तर इथे उपयोगाचा नाही.

व्हिसाचं बाकी थोडक्यात. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. इटलीत पाच आणि क्रोएशियात चार असतील तर इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत वेळ मिळवा, मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडचे सगळेच रांगेत असतात. जून 2024 पासून शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचं निम्मं. मुलगा अर्जाच्या आधी 12 वर्षांचा होत नाही ना, ते बघा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. सासूबाईंसाठी मात्र नुसत्या किमान अटीवर थांबू नका. रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे छापील अटींमध्ये वाचा.

तटबंदीबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘ती पूर्ण चालल्याशिवाय दुब्रोवनिक पाहिलं असं कसं म्हणायचं?’ तट 1,940 मीटर लांबीचा आहे, काही ठिकाणी 25 मीटर उंच आहे, आणि चढ-उतार धरून हजारावर पायऱ्या होतात. सावली जवळपास नाही. सासूबाईंनी त्यावर चढूच नये. पण तुम्ही तिघांनी जरूर चढा, आणि कोणत्या दाराने चढता ते महत्त्वाचं आहे. वर जायच्या तीन वाटा: पश्चिमेला पिले दरवाजाच्या आत, पूर्वेला प्लोचे बाजूला सेंट लूक चर्चपाशी, आणि बंदराजवळ सेंट जॉन किल्ल्यापाशी. चालण्याची दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बहुतेक सगळे पिलेहून चढतात. त्यांना आधी समुद्राकडची सोपी बाजू मिळते आणि सगळ्यात शेवटी, ऊन डोक्यावर आणि पाय गळालेले असताना, मिंचेता बुरुजाची चढण लागते. तुम्ही सकाळी 8 वाजता, तट उघडता उघडता, प्लोचेकडून चढा. चढण आधी, गारव्यात होऊन जाते. मिंचेता हा तटावरचा सगळ्यात उंच बिंदू, तिथून पुढे उतारच उतार, आणि समुद्राची बाजू शेवटी येते. ज्यांना अर्धंच जमतं त्यांनी उलट करावं: पिलेहून चढून समुद्राकडची बाजू बघून सेंट जॉन किल्ल्यापाशी खाली उतरावं, म्हणजे मिंचेता टळतो. खाली उतरलात की त्याच तिकिटावर परत चढता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

मिंचेतावरून खाली छपरं बघा. काही कौलं फिकी, पिवळट, डाग पडलेली, बाकीची भडक नारिंगी. नारिंगी आहेत ती क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या 1991-92 च्या वेढ्यानंतर बसवलेली. 6 डिसेंबर 1991 चा तोफमारा सगळ्यात भयंकर होता. जुन्या शहरातल्या साधारण दोन-तृतीयांश इमारतींना त्या युद्धात मार बसला. कोणत्या घरावर काय पडलं, याचा नकाशा पिले दरवाजाच्या आत भिंतीवर लावला आहे. मुलाला आधी नकाशा दाखवा, मग वरून छपरं. तो मग स्वतःच जुनी कौलं शोधत बसेल, आणि मोजायला लागला की जुनी किती कमी उरलीत हे त्याचं त्यालाच कळेल.

मोसमात तटाचं तिकीट सुमारे 40 युरो आहे. शहराचा एक दिवसाचा पास जवळपास त्याच भावात मिळतो आणि त्यात तट, संग्रहालयं आणि बस येते, तेव्हा नुसतं तिकीट घेण्यात अर्थ नाही. जायच्या आधी त्या वर्षीचा दर मात्र बघून घ्या. सात वर्षांखालच्या मुलांना तटाचं तिकीट लागत नाही, पण 6 वर्षांच्या मुलीला पूर्ण फेरी झेपेल असं मला वाटत नाही. सासूबाईंसाठी पास घेऊ नका, वसूल होणार नाही. आणि इथेच मघाचं राहिलेलं: तट दोन पाळ्यांत करा. एका सकाळी तुम्ही आणि मुलगा वर, तेव्हा यजमान आई आणि लेकीला घेऊन खाली. दुसऱ्या सकाळी यजमान वर. तिकीट माणशी असतं, पाळ्या केल्याने एक पैसाही जास्त पडत नाही. त्या पहिल्या सकाळी सासूबाई, यजमान आणि लेक यांनी काय करायचं? गुंदुलिच चौकात सकाळचा बाजार भरतो. सुके अंजीर, साखरेत घोळवलेले बदाम, पाकवलेली संत्र्याची साल, लव्हेंडरच्या पुरचुंड्या. बाजार सपाट जागेवर आहे आणि आटोपशीर आहे. बाजारहाट करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या बाईला परक्या गावाचा बाजार बघण्यासारखं दुसरं सुख नाही.

सपाट पट्ट्यात सासूबाईंसाठी अजून काय आहे? पिले दरवाजाशी पायऱ्याही आहेत आणि उतरणही आहे, उतरण धरा. आत शिरताच घुमटाचं ओनोफ्रिओचं कारंजं लागतं. 1438 च्या सुमाराला सुमारे 12 किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी नळाने आणून ते बांधलं. त्याच्या सोळा तोंडांतून आजही पिण्याचं पाणी येतं, बाटल्या तिथेच भरा. समोर फ्रान्सिस्कन मठ, त्याच्या ओवऱ्या गार आणि शांत, आणि तिथलं औषधांचं दुकान 1317 पासून चालत आलेलं. स्त्रादुनच्या दुसऱ्या टोकाला ओरलांदो या योद्ध्याचा दगडी खांब आहे. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी म्हणजे दुब्रोवनिकचा हात, 51.2 सेंटिमीटर, आणि या मापाने कापड मोजलं जाई. खांबाच्या पायथ्याशी तेवढी रेघ खोदलेली आहे. नातीला स्वतःचा हात त्या रेघेवर ठेवू दे. आपल्याकडेही कापड, दोरी, फुलांच्या माळा हातानेच मोजायचे हे सासूबाई तिला तिथेच सांगतील.

पुढे जुन्या बंदराच्या टोकाला, सेंट जॉन किल्ल्याला वळसा घालून पोर्पोरेला नावाचा धक्का आहे. बसायला दगड, समोर लोक्रुम, वारा. हॉटेलात न जाता बसता येईल अशा जागा जुन्या शहरात कमी आहेत, त्यातली ही चांगली. नाहीतर एक कॉफी मागवा आणि तासभर बसा, तिथे कुणी उठवत नाही आणि स्वच्छतागृहाचीही सोय होते. प्लोचे दरवाजाबाहेर लाझारेती आहेत, बाहेरून येणाऱ्यांना अलग ठेवायच्या इमारती. साथीच्या गावांहून आलेल्यांनी आधी 30 दिवस बाहेर थांबायचं, असा नियम या शहराने 1377 मध्ये केला. विलगीकरण हा शब्द तुमच्या मुलाला लहानपणीच ऐकावा लागला, तेव्हा त्याला ही जागा दाखवाच.

स्त्रादुनची फरशी शतकानुशतकं पायांनी घोटून आरशासारखी झाली आहे. संध्याकाळी दिवे लागले की ती ओली असल्यासारखी चमकते, आणि खरंच ओली असली की घसरते. सासूबाईंना रबरी, खाचांच्या तळव्याचे मागून बंद बूट घ्या, आणि ते निघण्याआधी महिनाभर घरी घालून मळवा. पाऊस पडला तर त्या दिवशी जुनं शहर नको.

सकाळी 11 ते दुपारी 4 शहरात राहू नका. एक दुपार लोक्रुमला द्या. जुन्या बंदरातून बोटी सुटतात, दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवतात. पाइनची सावली, जुना बेनेडिक्टाइन मठ, मुलांना डुंबायला खाऱ्या पाण्याचं एक लहानसं तळं, आणि मोर. हे मोर जातीने आपल्याकडचेच, एकोणिसाव्या शतकात हाब्सबुर्ग घराण्याच्या माक्सिमिलियानने तिथे आणले असं सांगतात. डबा उघडला की ते जवळ येतात, नातीला सांगून ठेवा. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा उतरताक्षणी शेवटच्या बोटीची वेळ फळ्यावर बघून घ्या. दुसरी दुपार त्साव्तातला. बंदरातून बोटीने पाऊण तास, किंवा 10 नंबरच्या बसने. समुद्राला लागून सपाट फरसबंद रस्ता, ताडाची झाडं, बाकं. सासूबाईंना सगळ्यात जास्त आवडेल ते हेच गाव, असा माझा अंदाज आहे. सर्ज डोंगरावर जाणारी केबल कारही त्यांना जमेल, चार मिनिटांत वर. मात्र तिचं खालचं स्थानक जुन्या शहराच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथवर जिने आहेत, म्हणून टॅक्सीनेच जा. बुरा नावाचा ईशान्येचा वारा सुटला की ती बंद असते.

समुद्रात पोहण्याचं मनात असेल तर मेमध्ये पाणी 18-19 अंशांचं असतं, मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. खडकांना काटेरी समुद्री साळू चिकटलेले असतात. पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच न्या.

जेवणाचं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर तिथल्या काहींना मासे चालतात असं वाटतं. फोनमध्ये हे लिहून ठेवा: ‘बेझ मेसा, रिबे इ याया’, म्हणजे मांस, मासे आणि अंड्यांशिवाय. ब्लित्वा मागा, ती पालकासारखी भाजी असते, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली. सासूबाईंना ती पोळीबरोबर खावीशी वाटेल. ‘झेलेना मेनेस्त्रा’ला मात्र नावावरून फसू नका. झेलेना म्हणजे हिरवी, पण त्या कोबीत धुरावलेलं मांस असतं. काळा भात म्हणजे माकुळाच्या शाईतला भात. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. रोझाता या गोड पदार्थात अंडी असतात. बेकरीला पेकारा म्हणतात, तिथे चीजचा किंवा पालकाचा बुरेक मिळतो. त्यात डुकराची चरबी आहे का, हे ‘मास्त?’ एवढं विचारून कळतं.

एक वेळचं जेवण घरी करा, म्हणून अपार्टमेंट स्वयंपाकघराचं घ्या. किराण्यात रिझा म्हणजे तांदूळ, लेचा म्हणजे मसूर, योगुर्त म्हणजे दही. मसुराची खिचडी आणि दही झालं की सासूबाईंचं पोट शांत. कुकर नेणार असाल तर शेगडी कोणती आहे ते घरमालकाला विचारा, इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. मेतकूट, भाजलेले पोहे, चिवडा, सुकी चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्याही नाहीत.

तुमचा मे महिना बरोबर आहे, बदलू नका. सप्टेंबरचा शेवटही चांगला असतो, पण आपल्याकडे तेव्हा गणपती, पितृपक्ष नाहीतर नवरात्र असतं आणि शाळाही असते. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर तिथे पावसाचे दिवस, आणि लोक्रुमच्या बोटीही बंद असू शकतात. जुलै-ऑगस्ट तर नकोच.

सासूबाईंच्या कानावर घालण्यासारखी एक गोष्ट. दुब्रोवनिकचं जुनं नाव रगुसा. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सां ब्राझचं चर्च आहे, आणि सां ब्राझ म्हणजे दुब्रोवनिकचा रक्षक संत व्लाहो. रगुसाच्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचं नातं सांगितलं जातं. तटावर आणि दरवाजांवर हाच संत हातात शहराची प्रतिकृती धरून उभा आहे. पिले दरवाजाशी मान वर करून त्याला शोधायचं काम त्यांना द्या.

क्रूझ की मुक्काम, हे यजमानांशी बोलताना माझं पत्र पुढे करू नका. सासूबाईंचे पायऱ्यांचे आकडे पुढे करा. कठडा धरून तीस-चाळीस पायऱ्या चढता-उतरता येत असतील आणि वीस मिनिटं चालता येत असेल, तर लापादला चार रात्री घ्या. त्याहून बरंच कमी असेल तर क्रूझ घ्या. मग दुब्रोवनिकच्या दिवशी तुम्ही आणि मुलगा जुन्या शहरात, यजमान आई आणि लेकीला घेऊन टॅक्सीने त्साव्तातला, आणि जहाज सुटायच्या दोन तास आधी सगळे धक्क्यावर. बुक केलेलं घर फुकटात रद्द करायची मुदत कधी संपते, ते मात्र आजच बघून ठेवा.